रक्ताचे चित्र, पण कोणाच्या रक्ताचे?

गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या वापराविषयी बोलण्यासाठी आम्हांला बोलावले होते. बोलणे आटोपल्यावर तालुक्याच्या गावाहून आलेल्या एक शिक्षिका जवळ आल्या. त्यांनी पिशवीतून अकरावीच्या एका विद्यार्थ्याची प्रयोगवही काढली. प्रयोग होता रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर काढून, रंगवून पाहण्याचा. मुलांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेण्याची पद्धत त्यांच्याकडे आता बंद झाली आहे, म्हणून कोंबडीचे रक्त आणले होते. मुलाने चित्र काढले होते ते असे : लांबट, अंडाकृती अशा पुष्कळ पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध एक जांभळा ठिपका. त्याखाली लाल शाईत शेरा होता : 'लोहितपेशीत केंद्रक नसते. पुन्हा काढा.' पुढच्या पानावर मुलाने पुस्तकातले चित्र उतरवले होते. गोल, मध्यभागी फिकट, ठिपका नसलेल्या पेशी. त्या पानाला पाचांपैकी पाच गुण होते.

"शेरा माझाच आहे," बाई म्हणाल्या. "नंतर मी स्वतः काचपट्टी पाहिली. आता सांगा, चूक कोणाची?"

मुलाची नाही, हे उघड आहे. त्याने पाहिले ते काढले आणि बरोबर काढले. पक्ष्यांच्या लोहितपेशी अंडाकृती असतात आणि त्यांत केंद्रक असते. कोंबडीची लोहितपेशी सुमारे १२ मायक्रोमीटर लांब व ७ मायक्रोमीटर रुंद असते. माणसाची सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, गोल आणि केंद्रकाविना. बाईंनाही आम्ही फारसा दोष देणार नाही. त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला, आणि पुस्तकावर विश्वास ठेवणे हा शिक्षकाचा गुन्हा नव्हे. आमची तक्रार आहे ती त्या पानाविरुद्ध, ज्याच्या आधाराने हा शेरा लिहिला गेला. हे पान बहुतेक पाठ्यपुस्तकांत, मार्गदर्शकांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर थोड्याफार फरकाने सारखेच असते : 'रक्ताचे घटक'. एक लोहितपेशी, पाच प्रकारच्या श्वेतपेशी, काही रक्तपट्टिका. आज या पानाची आम्ही परीक्षा घेणार आहोत, आणि परीक्षक म्हणून कोंबडीला बसवणार आहोत.

आरोप पहिला : प्राण्याचे नाव नाही

न्यायाने बोलायचे तर हे पान ज्या प्रकरणात येते ते बहुधा मानवी शरीराचे असते. काही पुस्तके 'बहुतेक सस्तन प्राण्यांत केंद्रक नसते' अशी नेमकी शब्दयोजनाही करतात. परंतु मजकुरातली ही सावधगिरी चित्रापर्यंत पोचत नाही. चित्राखाली नुसते 'रक्तपेशी' असे लिहिलेले असते, आणि विद्यार्थ्याच्या मनात उरते ते चित्र. मग 'माणसाचे रक्त' हेच 'रक्त' होऊन बसते. मासे, बेडूक, सरडे, पक्षी यांच्या लोहितपेशींत केंद्रक असते. म्हणजे पृष्ठवंशी प्राण्यांच्या कुळात केंद्रक असणे हा रिवाज आहे आणि आपण सस्तन प्राणी अपवाद आहोत. पान मात्र अपवादालाच नियम म्हणून शिकवते.

अपवाद नीट न कळल्याने दुसरी गंमत होते. स्पर्धा परीक्षांच्या अनेक मार्गदर्शकांत 'उंटाच्या लोहितपेशीत केंद्रक असते' असे वाक्य आढळते. ते साफ चुकीचे आहे. उंटाच्या लोहितपेशी अंडाकृती असतात हे खरे. पण उंट सस्तन प्राणी आहे आणि त्याच्याही प्रौढ लोहितपेशीत केंद्रक नसते. 'अंडाकृती' आणि 'केंद्रकयुक्त' या दोन गोष्टी कोणीतरी एकत्र केल्या आणि त्या एकमेकांच्या पुस्तकांतून उतरत राहिल्या. काचपट्टी मात्र कोणी पाहिली नाही.

लोहितपेशींवरच थांबलो असतो तर एवढ्यावर भागले असते. पण पानाची खरी परीक्षा श्वेतपेशींत, म्हणजे रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पेशींत होते. कोंबडीच्या लेपात प्रथम डोळ्यांत भरतात त्या लालभडक कण भरलेल्या पेशी. केंद्रक दोन-तीन खंडांचे आणि भोवती विटकरी-लाल कांड्याच कांड्या. पुस्तकातले पान समोर ठेवून पाहणारा विद्यार्थी काय म्हणेल? 'लाल कण म्हणजे इओसिनोफिल.' आणि तो चुकेल. या पेशीचे नाव हेटरोफिल. आपल्या शरीरात जे काम न्यूट्रोफिल करतात, म्हणजे जिवाणूंवर सर्वांत आधी धावून जाऊन त्यांना गिळण्याचे, ते काम पक्ष्यांत हेटरोफिल करतात. पक्ष्यांत इओसिनोफिल वेगळे असतात. कोंबडीत त्यांचे कण कांड्यांसारखे नसून गोल असतात.

रक्तपट्टिकांचेही तसेच. आपल्या रक्तपट्टिका म्हणजे अस्थिमज्जेतील प्रचंड पेशींपासून सुटलेले तुकडे. त्यांत केंद्रक नसते. पक्ष्यांत त्यांच्या जागी थ्रॉम्बोसाइट नावाच्या संपूर्ण, केंद्रकयुक्त पेशी असतात. त्या रक्त गोठवतात आणि परक्या कणांना गिळतातही. नवशिक्याला त्या छोट्या लिम्फोसाइटसारख्या दिसतात. त्या ओळखायच्या तर गडद केंद्रकाभोवतीचे जवळजवळ रंगहीन, नितळ पेशीद्रव्य आणि त्यातले एक-दोन लालसर कण शोधावे लागतात.

ही चूक केवळ वहीतल्या गुणांपुरती राहत नाही. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका पदवीधराने कोंबड्यांच्या रक्ताची मोजणी करून 'इओसिनोफिल २८ टक्के' असे लिहून आणले होते. मानवी रक्ताच्या हिशेबाने हा आकडा जंत किंवा ॲलर्जी यांची शंका घेण्यासारखा. त्याने तशी शंका लिहिलीही होती. कोंबड्या ठणठणीत होत्या. त्याने मोजले होते ते हेटरोफिल. माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिलांची संख्या सर्वांत जास्त असते, कोंबडीच्या रक्तात बहुधा लिम्फोसाइटांची, आणि त्यांच्याखालोखाल हेटरोफिलांची. या दोहोंच्या प्रमाणाला व्यवहारातही महत्त्व आहे. कोंबडीवर उष्णता, उपासमार, गर्दी यांचा ताण आला की हेटरोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. अमेरिकेतील ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ साली हे गुणोत्तर ताणाचे माप म्हणून मांडले, आणि आज जगभर ते वापरले जाते. पण पेशी ओळखताच आली नाही तर गुणोत्तर कशाचे काढायचे?

आरोप दुसरा : रंजकाचे नाव नाही

आता दुसरा आणि आमच्या मते अधिक गंभीर आरोप. पानावरच्या चित्रात इओसिनोफिलाचे कण लाल, बेसोफिलाचे निळे आणि न्यूट्रोफिलाचे फिकट जांभळट असे रंगवलेले असतात. जणू या पेशी शरीरात त्याच रंगांच्या कपड्यांत हिंडत असतात. प्रत्यक्षात श्वेतपेशींना रंग जवळजवळ नसतोच. तो आपण देतो. कोणत्या रंजकाने दिला हे न सांगता रंग दाखवणे म्हणजे मोजपट्टी न सांगता लांबी सांगण्यासारखे आहे.

या नावांचा इतिहास थोडक्यात पाहू. १८७० च्या दशकात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याचा उद्योग भरभराटीला आला होता. कापड रंगवण्यासाठी बनलेले हे रंग पाउल एर्लिख या तरुण वैद्याने पेशी रंगवायला वापरले. १८७८ मध्ये त्याने आपला प्रबंध याच विषयावर लिहिला, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत रक्तातील श्वेतपेशींचे त्यांच्या कणांच्या रंग घेण्याच्या आवडीवरून वर्ग पाडले. इओसिन या आम्लधर्मी रंगाची आवड असलेले कण ते इओसिनोफिल, आम्लारिधर्मी रंगाची आवड असलेले ते बेसोफिल, आणि दोहोंच्या संयोगाने बनलेला उदासीन रंग घेणारे ते न्यूट्रोफिल. 'फिल' या ग्रीक प्रत्ययाचा अर्थच आवड असणारा. पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक एर्लिखला मेचनिकॉफबरोबर मिळाले, ते रोगप्रतिकारावरील कामासाठी.

कल्पना अतिशय हुशारीची होती. रंग कोणाला चिकटतो यामागे रसायनशास्त्र आहे. इओसिनचे रेणू ऋणभारित असतात, म्हणून ते धनभारित प्रथिनांना चिकटतात. मेथिलीन ब्लू आणि त्यापासून बनणारे ॲझ्युअर हे धनभारित, म्हणून ते केंद्रकातील न्यूक्लिइक आम्लांना चिकटतात. १८९१ मध्ये रोमानोव्हस्की याने इओसिन आणि जुने, मुरलेले मेथिलीन ब्लू एकत्र वापरून केंद्रकाला सुंदर जांभळा रंग आणला. त्याच कुळातील लीशमनचे रंजक १९०१ चे आणि राइटचे १९०२ चे. यांपैकी लीशमन हे नाव आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत आजही बाटलीवर दिसते. हा विल्यम लीशमन ब्रिटिश लष्करातील डॉक्टर. भारतात नोकरी करून गेलेला. काळा आजाराच्या परोपजीवीला त्याचे नाव आहे, तोच.

एर्लिखची नावे रक्तातील कणांच्या वर्तनाची होती. पाठ्यपुस्तकात पोचेपर्यंत ती पेशींची जात बनली. ही नावे जातीची नाहीत, हे पक्षी आपल्याला पदोपदी सांगतात. कोंबडीचा हेटरोफिल इओसिनचा लाल रंग घेतो, पण तो इओसिनोफिल नाही. उलट आफ्रिकन राखी पोपट व ॲमेझॉन पोपट यांच्या इओसिनोफिलांचे कण याच रंजकांत निळसर दिसतात! म्हणजे एक पेशी लाल असून इओसिनोफिल नाही, आणि दुसरी इओसिनोफिल असून लाल नाही. पक्षी दूरचे वाटत असतील तर ससा घ्या. सस्तन प्राणी असूनही सशाच्या न्यूट्रोफिलांचे कण लालसर रंगतात, म्हणून त्यांनाही हेटरोफिल म्हणतात. 'हेटरो' म्हणजे भिन्न. प्राणी बदलला की या पेशीची रंगाची आवड भिन्न होते, हे सांगणारे हे नाव आहे.

मग रंग निरर्थक आहे काय? मुळीच नाही. तो काय सांगतो हे विचारले पाहिजे. हेटरोफिलाच्या कणांत धनभारित, जिवाणुनाशक अशी लहान प्रथिने खच्चून भरलेली असतात. इओसिन त्यांना चिकटते. आपल्या न्यूट्रोफिलात मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. जिवाणू मारण्याच्या कामी ते उपयोगी पडते आणि स्वतः हिरवट असल्याने पुवाला हिरवी झाक देते. कोंबडीच्या हेटरोफिलात हे विकर नसते. त्यामुळे तिचे शस्त्रागारच वेगळे. कोंबडीच्या जखमेतला पू पातळ वाहता नसून पनीरासारखा घट्ट, कोरडा का असतो, हे कुक्कुटपालन करणाऱ्या कोणालाही पाहून ठाऊक असते. त्याचे कारण या पेशींकडे असलेल्या आणि नसलेल्या विकरांत आहे. रंगापासून निघून आपण शस्त्रांपर्यंत आणि तेथून जखमेपर्यंत पोचलो. पानावर 'इओसिनोफिल : लाल कण' एवढेच लिहिले असते तर हा प्रवास सुरूच झाला नसता.

रंगवण्याची कृतीसुद्धा पेशीत बदल करते, हेही सांगायला हवे. बेसोफिलांचे कण पाण्यात विरघळणारे असतात. काही झटपट रंजकांत ते धुऊन जातात आणि पेशी पोकळ दिसते. हेटरोफिलाच्या कांड्याही कधी नीट टिकत नाहीत. मग मधला चकाकणारा गाभा तेवढा दिसतो आणि गोल कणांचा भास होतो. अशा वेळी हेटरोफिल कोणता आणि इओसिनोफिल कोणता हे सांगताना अनुभवी माणसालाही दुसरी काचपट्टी मागावी लागते.

आरोप तिसरा : 'बी' म्हणजे बोन मॅरो नव्हे

तिसरा आरोप एका अक्षराबद्दल आहे. लिम्फोसाइटांचे दोन मुख्य वर्ग, टी आणि बी. प्रतिपिंडे बनवण्याचे काम बी पेशींचे. पुष्कळ मार्गदर्शकांत लिहिलेले असते की थायमसमध्ये पक्व होतात म्हणून टी आणि बोन मॅरोमध्ये पक्व होतात म्हणून बी. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा लक्षात ठेवायला सोपा आहे, पण खरा नाही. (मराठीत तर ही जुळणीही साधत नाही, आपली अस्थिमज्जा 'अ'ने सुरू होते.) बी हे अक्षर आले आहे ते बर्सा या शब्दावरून, म्हणजे कोंबडीवरून.

पक्ष्यांच्या अवस्कराच्या, म्हणजे विष्ठा, मूत्र व अंडे यांच्या सामाईक मार्गाच्या, वरच्या बाजूला एक लहान पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापले गेले. या 'फॅब्रिशियसच्या बर्सा'चे काम काय, हे तीनशेहून अधिक वर्षे कोणालाच कळले नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबड्यांच्या पिल्लांतून बर्सा काढून टाकून काय होते ते पाहत होता. टिमथी चँग या सहकाऱ्याला वर्गात प्रतिपिंडे दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिकच्या कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेलाचे प्रतिजन टोचले, आणि प्रयोग फसला. प्रतिपिंडे बनलीच नाहीत. फसलेल्या प्रात्यक्षिकाकडे दुर्लक्ष न करता त्यांनी शोध घेतला. या कोंबड्यांत बर्सा नव्हती!

त्यांचा निबंध 'सायन्स' या नामवंत नियतकालिकाने स्वीकारला नाही. अखेर १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये, म्हणजे कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात, आला आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांच्या नजरेला पडायला वेळ लागला. १९६५ मध्ये कूपर, पीटरसन व गुड यांनी कोंबडीत थायमसवर अवलंबून असलेल्या आणि बर्सावर अवलंबून असलेल्या अशा दोन वेगळ्या यंत्रणा आहेत हे स्पष्ट केले. बी पेशींचे नाव तेथून आले. सस्तन प्राण्यांत बर्सा नसते. त्यांच्या बी पेशी प्रामुख्याने अस्थिमज्जेत घडतात, हे नंतर कळले. अक्षर योगायोगाने जुळले एवढेच.

'बोन मॅरो' लिहिणाऱ्या पानाने एका अक्षराची व्युत्पत्ती तेवढी चुकवली, असे आम्हांला वाटत नाही. फसलेल्या प्रात्यक्षिकातून निघालेला शोध, नामंजूर झालेला निबंध, आणि माणसाच्या शरीरातली गोष्ट कोंबडीत आधी सापडणे, एवढे सगळे त्याने पुसून टाकले. शाळेत फसलेल्या प्रयोगाचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक विज्ञान शिक्षकाला पडतो. त्याला हे उदाहरण हवे होते.

बर्साचा छेद हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवून पाहावा. आत डोकावणाऱ्या घड्या आणि घड्यांत एकाशेजारी एक पुटके. प्रत्येक पुटकाची बाहेरची बाजू लिम्फोसाइटांच्या दाटीने गडद जांभळी, आतली फिकट. आपल्याकडच्या कुक्कुटपालकांना परिचित असलेला 'गंबोरो' रोग याच पुटकांवर घाला घालतो. अमेरिकेत डेलावेअरमधील गंबोरो गावाच्या परिसरातून १९६२ मध्ये तो प्रथम नोंदला गेला. विषाणू बर्सातल्या बी पेशी मारतो. छेदात पुटके ओस पडलेली दिसतात, आणि वाचलेल्या पिल्लांत इतर रोगांच्या लसीही नीट काम करत नाहीत.

येथे रंजकाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. रक्ताच्या लेपात बी आणि टी पेशी अगदी सारख्या दिसतात. लीशमन असो वा राइट, त्यांना वेगळे करणारा रंग त्यांत नाही. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे घेऊन त्यांना फ्लुओरेसीनसारखा चमकणारा रंग जोडतात. गंमत अशी की इओसिन हे फ्लुओरेसीनमध्येच ब्रोमीन घालून बनते. म्हणजे एर्लिखच्या काळची आणि आजची पद्धत एकाच रंगाच्या घराण्यातली आहे. बदलले ते एवढेच, की पूर्वी रंग स्वतःच जागा शोधत असे, आता प्रतिपिंड त्याला जागा दाखवते.

चांगले पान कसे असते?

दोष दाखवणाऱ्याने चांगला नमुनाही दाखवावा. आमच्या मते तो १९६१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेला 'ॲटलास ऑफ एव्हियन हिमॅटॉलॉजी' हा ग्रंथ. आल्फ्रेड ल्यूकस आणि कॅसिमिर जॅमरॉझ हे त्याचे कर्ते. पक्ष्यांच्या रक्तपेशींची रंगीत चित्रे त्यात आहेत आणि अभ्यासक आजही ती उघडतात. चित्रे सुंदर आहेत, पण आमच्या कौतुकाचे कारण दुसरे आहे. येथे पेशीचे चित्र आणि ते मिळवण्याची कृती यांची फारकत केलेली नाही. लेप कसा काढला, कशाने रंगवला, आणि कृतीत बिघडलेली पेशी कशी दिसते, हेही दाखवण्याजोगे मानले आहे. आपली पुस्तके बिघडलेली पेशी दाखवत नाहीत. विद्यार्थ्याच्या काचपट्टीवर मात्र तीच प्रथम येते.

ग्रंथाला मर्यादा आहेत. तो बी आणि टी हे भेद स्पष्ट होण्यापूर्वीचा आहे; लिम्फोसाइटांबद्दल आज जे शिकवायचे ते त्यात शोधू नये. शाळेच्या टेबलावर ठेवण्याइतका तो आटोपशीरही नाही. आमची अपेक्षा त्याची नक्कल करण्याची नाही. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात : कोणाचे रक्त, कोणते रंजक, किती पट मोठे. या तीन शब्दांना किती जागा लागते?

वर्गात काय करता येईल

कोंबडीचे रक्त वापरायचे तर काळजी घ्यावी. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, हे आपल्याला आठवत असेल. आजारी पक्ष्याचे रक्त कधीही घेऊ नये, परिसरात साथ असेल तर हा प्रयोगच करू नये, हातमोजे वापरावेत, काम संपल्यावर टेबल निर्जंतुक करावे आणि हात साबणाने धुवावेत. जवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल तर तेथून तयार काचपट्ट्या मागणे सर्वांत चांगले.

लेप पातळ काढून हवेत वाळवावा. त्यावर लीशमनचे आठ-दहा थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे. त्यातील मिथेनॉलने पेशी काचेला पक्क्या होतात. मग दुप्पट ऊर्ध्वपातित पाणी घालून, हलकेच फुंकून मिसळून, आठ-दहा मिनिटे ठेवावे, नंतर धुवावे. पाणी आम्लधर्मी असेल तर सगळे लालसर होते, अल्कधर्मी असेल तर निळसर. दोन गटांना दोन प्रकारचे पाणी देऊन हा फरक मुद्दाम पाहू द्यावा. पेशीचा 'रंग' कोण ठरवते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. शाळेच्या ४५च्या वस्तुभिंगाने लोहितपेशींची केंद्रके स्पष्ट दिसतात; हेटरोफिलाच्या कांड्यांसाठी १००चे तेलभिंग हवे.

आधी चित्र, मग पुस्तक, हा क्रम मात्र कसोशीने पाळावा. चित्र पुस्तकाशी जुळले नाही तर 'पुन्हा काढा' असे लिहिण्यापूर्वी 'पुन्हा पाहा' असे लिहावे, आणि शक्य तर आपणही सोबत पाहावे.

त्या शिक्षिकांचे पत्र दोन महिन्यांनी आले. त्यांनी वही परत मागवून पहिल्या चित्रावरचा शेरा खोडला, खाली 'कोंबडी, लीशमन, ४५०' असे मुलाकडून लिहून घेतले आणि पाच गुण दिले. दुसऱ्या चित्राचे गुण काढावेत की ठेवावेत, असे त्यांनी विचारले होते. आम्ही कळवले की गुण ठेवावेत, पण त्या चित्राखालीही त्या तीन गोष्टी मुलालाच लिहायला सांगाव्यात. त्याला त्या पुस्तकात सापडल्या नाहीत, असे पुढच्या पत्रात होते.